डेंग चिंगमिंग: पंचवीस वर्षं राखीव राहिलेला अंतराळवीर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जून २०२५मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकात पोचले, त्याच आठवड्यात मी एका शाळेत अवकाशाबद्दल बोलायला गेलो होतो. सहावी-सातवीची मुलं होती. शुक्लांबद्दल त्यांना सगळं पाठ होतं. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "सर, त्यांच्याबरोबर शिकलेले ते दुसरे होते ना, नायर, ते कधी जाणार?" तारीख सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून मी तिला चीनच्या डेंग चिंगमिंग यांची गोष्ट सांगितली. तेव्हापासून जिथे बोलावतात तिथे ही गोष्ट सांगतो, आणि नंतर प्रश्न येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

डेंग चिंगमिंग कोण?

चीनच्या अंतराळवीरांच्या अगदी पहिल्या तुकडीतले वैमानिक. जन्म १६ मार्च १९६६चा. तुकडीत निवड झाली जानेवारी १९९८मध्ये आणि पहिलं उड्डाण झालं २९ नोव्हेंबर २०२२ रोजी. निवड झाली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, यानात बसले तेव्हा छप्पन्न वर्षांचे. मधली चोवीस वर्षं आणि जवळजवळ अकरा महिने ते रोज अंतराळवीर म्हणूनच कामावर जात होते, फक्त अंतराळात गेले नव्हते.

पहिल्या तुकडीत एकूण १४ जण. त्यातले आठ जण डेंग यांच्याआधी जाऊन आले, काही तर दोनदा-तीनदा. पाच जण एकदाही न जाता निवृत्त झाले. डेंग मधल्या मध्ये उरले.

नाव नेमकं कसं उच्चारायचं? आणि "टायकोनॉट" म्हणजे काय?

चिनी माणसांत आडनाव आधी येतं, म्हणजे "डेंग" हे आडनाव. त्यातला "डें" आपल्या "डंका"मधल्या "डं"च्या जवळचा. "चिंगमिंग"मधला "चिं" जरा हवा सोडून, "छिं"कडे झुकलेला. आपल्याकडे काही ठिकाणी रोमन अक्षरांवरून "किंगमिंग" असं छापून येतं, ते चूक आहे.

"टायकोनॉट" हा शब्द चीनबाहेर तयार झाला. "थायखोंग" म्हणजे अवकाश, त्याला पाश्चात्त्य शेपूट जोडलं. खुद्द चीनमध्ये "हांगथ्यानयुआन" म्हणतात. मी आपला साधा "अंतराळवीर"च वापरतो.

ते मूळचे कुठले?

आग्नेय चीनमधल्या जियांगशी प्रांतातल्या यिहुआंग तालुक्याचे. डोंगराळ, भातशेतीचा मुलूख. घर शेतकऱ्याचं. अठराव्या वर्षी, १९८४मध्ये, ते हवाई दलात भरती झाले आणि लढाऊ विमानं उडवू लागले.

१९९८ची निवड कशी झाली?

हवाई दलातल्या दीड हजारांहून जास्त वैमानिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातून चाळत चाळत बारा जण उरले. त्यांच्यात वू जिए आणि ली चिंगलाँग हे दोघं मिळवले. हे दोघं आधीच रशियात, मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत, प्रशिक्षण घेऊन आले होते आणि बाकीच्यांना शिकवणार होते. असे १४ झाले. ५ जानेवारी १९९८ रोजी या सगळ्यांनी राष्ट्रध्वजापुढे शपथ घेतली. चीनच्या अंतराळवीर दलाचा वाढदिवस तो.

त्या दिवशी चीनकडे माणसाला नेणारं यान नव्हतं. शेनझोऊ यानाची पहिली मानवरहित चाचणी व्हायला अजून पावणेदोन वर्षं होती. म्हणजे हे १४ जण एका अशा वाहनाचे चालक होते जे अजून कारखान्यातच होतं.

प्रशिक्षण बीजिंगच्या अंतराळनगरीत. फिरत्या लांब भुजेच्या टोकाला माणसाला बसवून गरागरा फिरवतात, वजन आठपट होईपर्यंत. छातीवर जणू माणसं बसलीत, चेहऱ्याची कातडी मागे ओढली जाते, डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. हाताशी एक लाल बटण असतं. सहन झालं नाही तर दाबायचं, यंत्र थांबतं. इतक्या वर्षांत ते बटण कुणीच दाबलेलं नाही, असं चिनी माध्यमं अभिमानाने सांगतात. जगण्याची शिस्तही कडक. आठवडाभर दलाच्या वसाहतीत राहायचं, बाहेरचं खायचं नाही, दारू-सिगारेट नाही. वीस-पंचवीस दिवसांच्या शिबिरात हे कुणीही पाळेल. डेंग यांनी ते एवढी वर्षं पाळलं.

राखीव अंतराळवीर म्हणजे बारावा गडीच ना?

मीही आधी हीच उपमा द्यायचो. आता देत नाही.

बारावा गडी पाणी घेऊन मैदानात येतो, कुणाला लागलं तर क्षेत्ररक्षण करतो. फलंदाजी-गोलंदाजी त्याच्या वाट्याला येत नाही आणि त्याने ती त्या दिवशी करून दाखवावी अशी अपेक्षाही नसते. राखीव अंतराळवीराला मुख्य माणसाचं सगळंच्या सगळं काम यावं लागतं. तीच जाडजूड कार्यपुस्तकं, तेच बटणांचे क्रम, त्याच नकली यानात बसून शेकडो वेळा केलेली जोडणी आणि परतीची रंगीत तालीम. पोशाख त्याच्या मापाचा वेगळा शिवलेला. आसनात घालायचं अस्तरसुद्धा त्याच्या पाठीच्या साच्यावरून वेगळं ओतलेलं. हे अस्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. जमिनीवर आदळताना पाठीचा कणा वाचावा म्हणून ते अंगाच्या वळणाबरहुकूम बनवतात, दुसऱ्या कुणाला ते चालत नाही. म्हणजे डेंग यांच्या पाठीच्या आकाराचं एक आसन तयार व्हायचं आणि न वापरता बाजूला ठेवलं जायचं.

शेवटच्या दिवसांत मुख्य आणि राखीव, दोघांनाही विलगीकरणात ठेवतात. दोघंही गोबीच्या वाळवंटातल्या जिउक्वान तळावर जातात. मग एकाला यान मिळतं.

राखीव माणसाची खरोखर गरज पडते का? पडते. एप्रिल १९७०मध्ये अपोलो १३च्या उड्डाणाला दोन-तीन दिवस उरले असताना केन मॅटिंग्ली यांना रुबेला म्हणजे जर्मन गोवराचा संसर्ग होण्याची भीती निर्माण झाली. त्यांच्या जागी जॅक स्विगर्ट या राखीव माणसाला बसवलं. पुढे त्या मोहिमेत ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघं कसेबसे जिवंत परतले. स्विगर्ट यांची तयारी अर्धीमुर्धी असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

डेंग यांचं यावरचं एक वाक्य चीनमध्ये खूप गाजलं. त्यात शब्दांचा खेळ आहे. मुख्य नेमणुकीला चिनी भाषेत "झूफन" म्हणतात, राखीव नेमणुकीला "बेइफन" आणि आपल्या वाट्याच्या कर्तव्याला "बनफन". डेंग म्हणाले, झूफन असो की बेइफन, ते अंतराळवीराचं बनफनच. मराठीत हा खेळ साधत नाही. अर्थ असा, की मुख्य काय आणि राखीव काय, दोन्ही आपल्या वाट्याला आलेलं कामच आहे.

त्यांना इतकी वर्षं संधी का मिळाली नाही? काही कमी होतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मुलांपेक्षा पालक जास्त विचारतात. "काहीतरी कमी असणारच," असा त्यात सूर असतो. म्हणून जरा हिशेबच मांडतो.

चीनचं पहिलं मानवी उड्डाण ऑक्टोबर २००३मध्ये झालं, शेनझोऊ ५. यांग लिवेई एकटे गेले. २००५मध्ये दोघं. २००८मध्ये तिघं. मग २०१२ आणि २०१३मध्ये तीन-तीन. २०१६मध्ये दोघं. तेरा वर्षांत सहा उड्डाणं आणि एकूण १४ आसनं. त्यातही जिंग हायपेंग तीनदा गेले आणि न्ये हायशेंग दोनदा, कारण २०१२पासून प्रत्येक वेळी एक तरी जाऊन आलेला माणूस बरोबर असावा असा विचार होता. २०१२ आणि २०१३मध्ये एक-एक आसन महिला अंतराळवीरांचं होतं, लिऊ यांग आणि वांग यापिंग यांचं, आणि ते योग्यच होतं. २०१६चं एक आसन दुसऱ्या तुकडीच्या चेन डोंग यांना मिळालं. पहिल्या तुकडीतल्या नव्या माणसासाठी २०१२मध्ये एक जागा होती, २०१३मध्ये एक. पहिली लिऊ वांग यांना मिळाली, दुसरी झांग शियाओग्वांग यांना. झांग यांनीही पंधरा वर्षं वाट पाहिली होती.

या सगळ्या काळात, शेनझोऊ ९, १० आणि ११च्या (२०१२, २०१३ आणि २०१६) वेळी, डेंग यांचं नाव राखीव यादीत होतं. राखीव होणं म्हणजे दलातल्या सगळ्यांत वरच्या चार-सहा जणांत असणं. एकदा नव्हे, तीनदा.

त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं चीनमधून कुणीच गेलं नाही. तियांगोंग या चीनच्या अंतराळस्थानकाचे जड भाग नेण्यासाठी लागणारा लाँग मार्च ५ हा अग्निबाण जुलै २०१७मध्ये दुसऱ्याच उड्डाणात अपयशी ठरला आणि सगळं वेळापत्रक पुढे सरकलं. स्थानकाचा पहिला भाग वर गेला एप्रिल २०२१मध्ये. डेंग तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. अग्निबाणाच्या इंजिनातला दोष एखाद्या माणसाच्या आयुष्यातली चार वर्षं कशी खातो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तर, कमी काय होतं? आसनं.

२०१६ची ती मिठीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि मला ती सांगताना दर वेळी थोडं थांबावं लागतं.

ऑक्टोबर २०१६. शेनझोऊ ११चं उड्डाण तोंडावर आलेलं. जिउक्वानमध्ये अंतराळवीर ज्या इमारतीत राहतात तिचं नाव "वेनथ्यानगे", म्हणजे आकाशाला प्रश्न विचारणारा महाल. तिथल्या दालनात मुख्य चमूची नावं जाहीर झाली: जिंग हायपेंग आणि चेन डोंग. डेंग पन्नास वर्षांचे होते. पुढची मोहीम कधी होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि वय थांबणार नव्हतं. ही बहुधा शेवटची संधी, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

दालन शांत होतं. जिंग वळले, डेंग यांच्याकडे गेले, त्यांना घट्ट मिठी मारली आणि म्हणाले, "चिंगमिंग, तुझे आभार." डेंग म्हणाले, "हायपेंग, तुझं अभिनंदन." बघणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच दिवशी शपथ घेतलेले, अठरा वर्षं एकत्र राबलेले. एक तिसऱ्यांदा निघालेला, दुसरा एकदाही नाही. जिंग यांनी "सॉरी" म्हटलं असतं तर ते दयेसारखं वाटलं असतं. ते आभार मानतात, कारण स्वतःची तयारी ज्याच्याशी घासून धारदार झाली तो माणूस समोर उभा आहे.

जे पाच जण कधीच गेले नाहीत त्यांचं काय?

वू जिए, ली चिंगलाँग, चेन च्युआन, झाओ च्वानदोंग आणि पान झानचुन. २०१४मध्ये हे पाचही जण उड्डाणाच्या यादीतून निवृत्त झाले. त्यातले वू आणि ली म्हणजे स्टार सिटीत शिकून आलेले ते पहिले दोघं, ज्यांनी इतरांना शिकवलं. चेन च्युआन २००८च्या मोहिमेत राखीव होते.

त्यांच्या निवृत्तीनंतर पहिल्या तुकडीतले न उडालेले आणि तरी सेवेत असलेले डेंग एकटेच राहिले. डेंग यांची गोष्ट सांगताना या पाच नावांचा उच्चार करायचाच, असा मी नियम केला आहे. त्यांनीही सोळा वर्षं तेच केलं होतं.

घरच्यांनी कसं काढलं असेल?

घरातल्यांविषयी थोडंच सांगतो, कारण ती माणसं काही सार्वजनिक नाहीत. एवढं सांगण्यासारखं आहे की त्यांची मुलगीसुद्धा मोठी होऊन अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रातच कामाला लागली. म्हणजे वडील वाट पाहत असताना शाळेत असलेली मुलगी, ते निघाले तेव्हा त्यांची सहकारी झाली होती.

छप्पन्नाव्या वर्षी अंतराळात जाणं धोक्याचं नाही का?

तब्येत निकषांत बसत असेल तर वयाचा तसा अडसर नाही. अमेरिकेचे जॉन ग्लेन १९९८मध्ये ७७व्या वर्षी गेले होते. डेंग यांच्या यानाचे कमांडर फेई जुनलाँग तर त्यांच्याहून थोडे मोठेच, सत्तावन्न वर्षांचे.

अडचण वेगळी असते. सहा महिने वजनरहित अवस्थेत हाडं विरळ होतात, स्नायू झडतात, आणि पन्नाशीनंतर ते भरून यायला वेळ लागतो. त्यासाठी स्थानकात रोज व्यायाम करावा लागतो, पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन धावावं लागतं. शिवाय उडण्याआधी पंचवीस वर्षं दर वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत पास व्हायचं. एका वर्षी रक्तदाब वाढला, एखादा मणका सरकला, की संपलं. आपल्यातल्या कितीजणांचा पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षीचा रक्ततपासणीचा कागद सारखा असतो?

प्रत्यक्ष उड्डाण कसं झालं?

२९ नोव्हेंबर २०२२, बीजिंगच्या घड्याळात रात्रीचे ११ वाजून ८ मिनिटं. आपल्याकडे ८ वाजून ३८. जेवणाची वेळ. मी ताटावर बसलो होतो आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. बायकोने दोनदा आमटी गरम केली.

निघण्याआधीचा त्यांचा एक विधी असतो. तिघं पांढऱ्या पोशाखात, हातात हवा खेळवणाऱ्या छोट्या पेट्या घेऊन, रांगेत उभे राहतात. कमांडर मोहिमेच्या प्रमुखांना रीतसर सांगतो की चमू तयार आहे, निघण्याची परवानगी असावी. मग प्रत्येक जण आपापलं नाव-पद घेऊन सलाम करतो. डेंग यांनी हा विधी किती वेळा जवळून पाहिला असेल. त्या रात्री ते त्या रांगेत होते.

गोबीत नोव्हेंबरअखेरची हाडं गोठवणारी थंडी होती. लाँग मार्च २एफ अग्निबाण निघाला. दहाएक मिनिटांत यान कक्षेत गेलं. साडेसहा तासांनी ते तियांगोंग स्थानकाला जोडलं गेलं. डेंग यांच्याबरोबर फेई जुनलाँग होते, जे २००५नंतर सतरा वर्षांनी दुसऱ्यांदा निघाले होते, आणि झांग लू, दुसऱ्या तुकडीतले, ज्यांनी स्वतः बारा वर्षं वाट पाहिली होती. तिघांचं मिळून एवढं थांबणं एका यानात क्वचितच बसलं असेल.

सकाळी स्थानकाचं दार उघडलं तेव्हा आत शेनझोऊ १४चे तिघं, चेन डोंग, लिऊ यांग आणि त्साय शूझ, वाट बघत होते. गळाभेटी झाल्या. चीनचे सहा अंतराळवीर एकाच वेळी कक्षेत असण्याची ती पहिली वेळ. चेन डोंग म्हणजे २०१६मध्ये जिंग यांच्याबरोबर गेलेले तेच.

स्थानकात त्यांनी काय केलं? बाहेर पडून "स्पेसवॉक" केला का?

नाही, आणि इथेच मुलं हिरमुसतात.

या चमूने फेब्रुवारी ते एप्रिल २०२३ या काळात चार वेळा स्थानकाबाहेर काम केलं. चारही वेळा बाहेर गेले ते फेई आणि झांग लू. पहिल्या खेपेला सात तासांच्या आसपास ते बाहेर होते. डेंग आत होते. यांत्रिक भुजा आतून चालवणं, बाहेरच्यांच्या पोशाखातले आकडे बघणं, पुढची पायरी सांगणं, काही बिघडलंच तर त्यांना परत कसं घ्यायचं याची तयारी ठेवणं, हे त्यांचं काम.

एका मुलाने मला विचारलं, "म्हणजे वर जाऊनपण राखीवच?" मी त्याला विचारलं, तू बाहेर काळोखात दोरीने बांधून लटकलेला असशील, खाली चारशे किलोमीटरवर पृथ्वी आणि तुझ्या पायाखालची भुजा कुणीतरी आतून हलवतंय, तर ते कुणीतरी कोण असावं? तो लगेच म्हणाला, "ज्याला सगळं येतं तो." पंचवीस वर्षं दुसऱ्याचं काम स्वतःच्या कामाइतकं नीट शिकलेला माणूस त्या जागी होता.

बाकी दिवस नेहमीचे: नुकत्याच जोडलेल्या प्रयोगशाळांत यंत्रं बसवणं, प्रयोग, साफसफाई, मालवाहू यानातलं सामान लावणं. चिनी नववर्ष, २२ जानेवारी २०२३, तिघांनी तिथेच साजरं केलं.

परत कधी आले?

४ जून २०२३ रोजी, १८६ दिवसांनी. गोबीतल्या डोंगफेंग तळावर, बीजिंगच्या वेळेनुसार सकाळी साडेसहाला. यानाचा परतीचा कक्ष आधी एका प्रचंड छत्रीवर तरंगत येतो. जमीन मीटरभरावर आली की खालची छोटी इंजिनं एकदम पेटतात, धूळ उडते आणि कक्ष टेकतो. इतके महिने पायांवर भार पडलेला नसल्याने तिघांना उचलून खुर्च्यांवर बसवलं गेलं. नेहमीचीच पद्धत ती, घाबरण्यासारखं काही नाही. याच वेळी त्यांच्या पाठीखाली ते अस्तर होतं, त्यांच्या मापाचं, या वेळी वापरलेलं.

पण परतण्याआधी पाच दिवस जे घडलं ते माझ्या दृष्टीने या गोष्टीतलं सर्वांत मोठं. ३० मे २०२३ रोजी पुढचा चमू स्थानकावर पोचला, शेनझोऊ १६. कमांडर होते जिंग हायपेंग, चौथ्यांदा निघालेले. दार उघडलं तेव्हा आत, घरच्या माणसासारखे, स्वागताला उभे होते डेंग चिंगमिंग.

सात वर्षांपूर्वी जमिनीवर एक निघाला होता आणि दुसरा राहिला होता. आता पाहुणा जिंग होते आणि यजमान डेंग.

नंतर त्यांचा गौरव झाला का?

झाला. "वीर अंतराळवीर" हा मानाचा किताब आणि अंतराळ सेवेचं तृतीय श्रेणीचं पदक त्यांना मिळालं. पहिल्यांदा जाऊन आलेल्यांना तिथे हेच देतात, झांग लू यांनाही तेच मिळालं.

ते चीनच्या लष्करातले. आपण त्यांचं कौतुक का करायचं?

हा प्रश्न एका निवृत्त सुभेदारांनी मला विचारला होता आणि त्यांनी तो मनापासून विचारला होता, म्हणून मनापासूनच उत्तर देतो.

डेंग लष्करी अधिकारी आहेत, हे खरं. चीनचं अंतराळवीर दल लष्कराचाच भाग आहे. तिथली माहिती सरकारी माध्यमांतून गाळून येते. चमूची नावंसुद्धा सहसा उड्डाणाच्या आदल्या दिवशी जाहीर करतात. डेंग यांना एखाद्या रात्री काय वाटलं असेल, कधी राग आला असेल का, हे त्या माध्यमांतून आपल्यापर्यंत येणार नाही. म्हणून मी त्यांच्या मनातलं काही सांगत नाही. तारखा सांगतो. निवडीची तारीख, तीन मोहिमांची वर्षं, उड्डाणाची वेळ. या तारखा कुणाच्याही प्रचाराशिवाय उभ्या राहतात. सीमेवरच्या तंट्याबद्दल माझी मतं कुठल्याही भारतीयासारखीच आहेत. ती आणि हे कौतुक दोन्ही माझ्याजवळ एकत्र राहू शकतं.

भारतातही असे राखीव अंतराळवीर झाले का?

झाले, आणि आपण त्यांची नावं विसरतो. १९८४मध्ये राकेश शर्मा सोयुझ टी-११मधून गेले, ते सगळ्यांना पाठ. त्यांच्याबरोबर स्टार सिटीत तेवढंच प्रशिक्षण घेतलेले रवीश मल्होत्रा हे राखीव होते. रशियन भाषा, थंडी, चाचण्या, सगळं दोघांनी बरोबरीने केलं. मल्होत्रा कधीच गेले नाहीत. कितीतरी सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्यांचं नाव एका ओळीपुरतंही नाही.

आणि २०२५मध्ये शुभांशू शुक्लांचे राखीव होते ग्रुप कॅप्टन प्रशांत बाळकृष्णन नायर, त्या मुलीने विचारलेले. ते गगनयानासाठी निवडलेल्या चौघांपैकी एक आहेत. हे पान लिहिताना ते तयारीत आहेत, एवढं मी तिला आता सांगू शकतो.

डेंग ज्या स्थानकात राहिले ते आपल्याकडून दिसतं का?

दिसतं, आणि दुर्बिणीची गरज नाही. तियांगोंग विषुववृत्ताशी साधारण ४१ अंशांच्या कलाने फिरतं, त्यामुळे महाराष्ट्र आणि गोवा त्याच्या वाटेत येतात. उंची चारशे किलोमीटरच्या आतबाहेर, एक फेरी दीड तासाची. सूर्यास्तानंतरचा तास-दीड तास किंवा पहाटे सूर्योदयाआधीचा तेवढाच वेळ बघायचा, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि वर स्थानकावर ऊन. पावसाळ्यात नाद सोडा. हेवन्स-अबव्हसारख्या संकेतस्थळावर आपलं गाव घातलं की वेळ आणि दिशा मिळते.

न लुकलुकणारा, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नसलेला, एकसारखा सरकत जाणारा पांढरा ठिपका दिसेल. चार-पाच मिनिटं. कधीकधी आकाशाच्या मधोमध असताना तो अचानक मंद होत विझतो. तेव्हा ढग आला असं समजू नका, स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. मुलांना घेऊन जाणार असाल तर दहा मिनिटं आधी गच्चीवर जा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि फोनचा पडदा बंद ठेवा.